बिदाईची धून

काल संध्याकाळी घरासमोरून एक वरात गेली. बँड नव्हता, डीजे होता. खिडकीची तावदानं थरथरली, फळीवरच्या कपबशा किणकिणल्या, आणि समोर उभ्या असलेल्या कुणाच्या तरी मोटरसायकलचा भोंगा आपोआप कोकलायला लागला. रुखसानानं धाडकन दार लावलं आणि म्हणाली, "याच्यापेक्षा तुमचा बँड परवडला." लग्न झाल्यापासून माझ्या बँडला 'ठणाणा' म्हणत आलेल्या बायकोच्या तोंडून हे ऐकलं, आणि मी घाईघाईनं मान डोलावली. असं कौतुक आमच्या घरात वारंवार होत नाही.

तर लगीनसराई आली. आमच्या घुग्घुसच्या रस्त्यावर कोळशाचे ट्रक बारा महिने धूळ उडवतात, पण एप्रिल-मेमधली धूळ मला नेहमी वेगळी वाटते. तिच्यात बुंदीच्या पाकाचा वास असतो, मंडपाच्या तापलेल्या ताडपत्रीचा असतो, आणि वारा जंगलाकडचा असला तर मोहफुलांचाही. माझं लहानपण ह्या वासात गेलं. अब्बांचा बँड होता. लाल कोट, सोनेरी दोऱ्या, खांद्यावर झुपके. डांबर चपलेला चिकटेल असलं ऊन, आणि त्या उन्हात गळ्यापर्यंत बटणं लावून आम्ही फुंकतोय. घाम पुसायला हात वर केला की अब्बा मागून ओरडायचे, "घाम मंग पुसजा! आधी वाजवा!" मी क्लारनेट वाजवायचो. अब्बा गेल्यावर बँड माझ्याकडे आला, आणि ढोलावर माझा लहानपणचा दोस्त बब्बू. ह्या बब्बूचा हात असा भारी, की तो ढोल लावायला बसला की गल्लीतली कुत्री आधीच पांगायची.

पण लगीनसराई म्हटलं की मला आधी आठवते ती मी एकही वरात न वाजवलेली लगीनसराई. नव्वदचं दशक संपत आलं होतं. क्लारनेट घरी खुंटीवर, आणि मी चंद्रपूरच्या एका दवाखान्यात, हात कोपरापर्यंत साबणानं धुऊन, पायातल्या चपला दाराबाहेर काढून, एका काचेच्या पेटीसमोर उभा.

पोरगी सातव्या महिन्यातच आली. धानोऱ्याच्या वरातीची सुपारी घेतली होती, गाडीत ढोल चढत होता, आणि आतून अम्मीची हाक आली. त्या हाकेनंच मला कळलं की काहीतरी बिनसलंय. शेजारचा एक जण खाणीत कामाला होता, त्याची जीप होती. त्यानं शिफ्ट सोडली आणि आम्हाला चंद्रपूरला पोचवलं. संध्याकाळपर्यंत मी बाप झालो होतो, आणि मुबारक म्हणायला कुणाची जीभ रेटत नव्हती.

एवढीशी! माझ्या तळहातावर मावेल आणि वर मनगट उरेल एवढी. कातडी अशी पातळ की आतल्या शिरा दिसाव्या. नाकात नळी, छातीवर पट्ट्या, डोक्यावर कुणीतरी विणलेली टोपी, तीही मोठी होऊन डोळ्यांवर आलेली. आमच्यात लेकराच्या कानात बापानं अजान द्यायची असते. सिस्टरनं पेटीची खिडकी उघडून दिली. चौकापासून स्टेशनापर्यंत ज्याचा क्लारनेट ऐकू जातो त्या माणसाचा घसा त्या खिडकीशी बसला. कशीबशी पुरी केली. पोरीनं ऐकली की नाही, अल्ला जाणे.

आणि गरमीची गंमत बघा राजेहो. बाहेर चंद्रपूरचा मे महिना. पाखरं झाडावरून टपकताहेत, लोक डोक्याला ओले दुपट्टे गुंडाळून फिरताहेत, आणि आत सिस्टर मला सांगतेय, "पोरीले ऊब कमी पडून राह्यली भाऊ." मी म्हटलं, "सिस्टर, एक चक्कर बाहेर घेऊन जाऊ का तिला? भाजूनच आणतो." त्या हसल्या नाहीत. मेश्राम सिस्टर सहसा हसत नसत. उंच, काळ्यासावळ्या, चालताना चपलेचा आवाज न होऊ देणाऱ्या. पूर्ण वॉर्ड त्यांच्या भुवईवर चालायचा.

वॉर्डातल्या डॉक्टर मॅडम वयानं लहान होत्या, पण बोलणं सरळ. त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं. पोरीचं काळीज ठीक आहे, पोट ठीक आहे. पण ती श्वास घ्यायला विसरते. अशी लेकरं विसरतात. तळपायाला टिचकी मारली की पुन्हा घेतात. आणि दूध ओढायची ताकद नाही, म्हणून नळीनं देतोय. "ज्या दिवशी ती श्वास न विसरता स्वतः दूध ओढेल आणि अंग धरेल, त्या दिवशी घरी न्या. त्याच्या आधी मी काहीच कबूल करत नाही," त्या म्हणाल्या. मला हे आवडलं. खोटी आशा दाखवणाऱ्या माणसापेक्षा असं माणूस बरं. फक्त तेव्हापासून मी लोकांच्या छात्या पाहायला लागलो. बसस्टँडवर झोपलेला माणूस दिसला तरी उभं राहून बघायचो, ह्याचं पोट वरखाली होतंय ना.

रुखसाना मात्र दगड झाली होती. रडली नाही, बोलली नाही. सिस्टर सांगतील ते करायची. हात धू म्हटलं की धुवायची, बस म्हटलं की बसायची. दूध उतरत नव्हतं. अम्मीनं मेथीचे लाडू आणले, खसखशीची खीर आणली, तेही ती सांगितलं म्हणून खायची. पेटीच्या खिडकीतून हात घालायची पाळी आली की तिची बोटं आखडायची. मला म्हणाली, "मी हात लावला आन् थांबली तर?"

आणि मग मॅडमनी ते गाण्याचं काढलं. कुठंतरी वाचलं होतं म्हणे, की अशा लेकरांना आईबापाचा आवाज हळू, संथ ऐकवला तर ती शांत राहतात, आणि आईबापही. आमच्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही तर कलाकार आहात. तुम्हीच सुरू करा."

कलाकार! आयुष्यात मला बँडवाला सोडून कुणी काही म्हटलं नव्हतं. छाती फुगली. मी पेटीशी उभा राहिलो, घसा साफ केला आणि आमची एक नंबरची चाल धरली. वरात दारात पोचते तेव्हाची, जिच्यावर नवरदेवाचा काका रुमाल दातात धरून नाचतो ती. आवाज हळू ठेवला होता हो, कसम से. पण चाल तीच, ठेका तोच, बोटं आपोआप पेटीच्या काचेवर बब्बूचा ढोल वाजवायला लागली. पोरगी दचकली. दोन्ही हात फेकले, तोंड वाकडं केलं, रंग बदलला. मेश्राम सिस्टर कुठून आल्या कुणास ठाऊक. एका हातानं तिचा तळपाय चोळला, दुसऱ्यानं माझी बोटं काचेवरून उचलली.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "वरात नाई काढून राह्यलो आपण इथी."

वॉर्डातल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. मी मेल्याहून मेल्यासारखा. सिस्टर जरा नरमल्या. म्हणाल्या, "आधी तिचं पोट पाहा. ते कसं हलते ते पाहा. त्याच्यापेक्षा हळू गा. आहे का असं काई तुमच्या बँडात?"

मी दाराबाहेरच्या बाकावर बसून विचार करायला लागलो, आणि मला घाम फुटला. आमच्या बँडात हळू असं काही नव्हतंच! हळद वाजवा, नाच. वरात काढा, नाच. गणपती, उर्स, आमदाराची मिरवणूक, सगळीकडे नाच. आमचा धंदाच लोकांचे पाय उचलायचा. आख्ख्या बँडाच्या पोतडीत एकच चीज संथ होती. बिदाईची धून. अब्बांनी कुठले कुठले सूर जोडून स्वतः बसवलेली. मंडपाच्या दारात नवरी आईच्या गळ्यात पडते, तेव्हा ढोल थांबतो आणि एकटा क्लारनेट ती धरतो. त्या धुनेचं काम एकच, बायांना रडवणं. बिदाई वाजली आणि बाया रडल्या नाहीत, तर वाजवणाऱ्याची इज्जत गेली समजा. अब्बा मला शिकवताना म्हणायचे, "सूर अर्धा सोड. बाकीचं त्या बाया पुरं करतात."

दुपारची वेळ. चंद्रपूर सगळ्या महाराष्ट्राला वीज देतं म्हणतात, पण त्या दिवशी आमच्याच वॉर्डातली गेली. जनरेटर सुरू होईतो सिस्टरनी पोरीला पेटीतून काढलं आणि सरळ रुखसानाच्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून ओढणी गुंडाळली. "धर. पेटीपेक्षा तुझं अंग गरम आहे." रुखसानाला नाही म्हणायला वेळच मिळाला नाही. तिचे डोळे भीतीनं मोठे झाले. मी तिच्यामागे स्टुलावर बसलो, तिच्या खांद्यावरून वाकलो, आणि ओढणीच्या फटीतून ते इवलं पोट पाहत पाहत, ओठ मिटून, बिदाई गुणगुणायला लागलो.

पहिल्या ओळीला काही झालं नाही. दुसऱ्या ओळीला रुखसानाचे खांदे हलले. आणि मग ती रडली. अशी रडली, अशी रडली, की मी घाबरून थांबणार होतो, तर तिनं मागे हात करून माझा गुडघा गच्च धरला. थांबू नको म्हणून. इतके दिवस साचलेलं सगळं वाहून गेलं. पलीकडच्या खाटेवरची बाईही रडायला लागली, तिचा काही संबंध नसताना. मला सांगायला लाज वाटत नाही, त्या अवस्थेतही माझ्या मनात आलं, वा सलीम, धून पोचली!

तेवढ्यात अम्मी खिरीचा डबा घेऊन दारात. माझी अम्मी ब्रह्मपुरीकडची, घरात आमच्या हिंदी पण तिची जीभ अजून झाडीबोलीची. तिनं दोन सूर ऐकले आणि डबा ठेवून माझ्या अंगावर आली. "सलीम! बिदाई? अरे डोकं फिरलं का तुयं? दुखण्यातल्या पोरीले बिदाई आयकवून राह्यला? कुठी पाठवतं तिले? तोंड धून ये आधी!" मला खरंच तोपर्यंत सुचलं नव्हतं. पोटाच्या हलण्यापेक्षा संथ काय, एवढंच शोधत होतो. ही धून कशाची आहे हे विसरलो होतो. रुखसाना रडता रडता थबकली.

मेश्राम सिस्टर पोरीची नाडी बघत वाकलेल्या होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मंग बरोबर तं आहे बाई. इथून पाठवाचीच आहे तिले. घरी. का इथीच ठेवाची आहे आमच्याजवळ?"

अम्मीनं डबा उचलला, खाटेच्या कडेवर टेकली आणि पुटपुटली, "घरी पाठवाची असन तं मंग वाजव बापा." आणि सिस्टर म्हणाल्या, "पोरगी छान झोपली आहे. कोणी हलू नका."

रात्र व्हायच्या आत रुखसानाला दूध उतरलं. रडण्यानं उतरलं, की छातीवर पोरगी ठेवल्यानं, की मेथीच्या लाडवानं, की उतरायचंच होतं म्हणून, मला विचारू नका. मी मॅडमना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "गाण्यानं पोरगी जगेल असं मी कधीच म्हणणार नाही. ती दुधानं जगेल, उबेनं जगेल, स्वच्छ हातांनी जगेल. गाण्यानं तिची आई जरा जगते, मग बाकीचं सोपं होतं." माझ्यापुरतं बोलायचं तर, त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवलो.

मागल्या महिन्यात भाच्यानं मोबाइलवर कुठल्या परदेशी दवाखान्याचा व्हिडिओ दाखवला. पेटीतलं लेकरू, आणि बाजूला गिटार घेऊन एक मुलगी. "मामू, याला म्युझिक थेरपी म्हणतात. शिकावं लागतं," तो म्हणाला. मी म्हटलं शिकावंच लागत असेल, मी काय नाही म्हणतो? मी चुकत चुकत शिकलो, त्यांनी नीट शिकलेलं बरं. मला त्या मुलीची एकच गोष्ट फार आवडली. तारेला बोट लावायच्या आधी ती किती तरी वेळ लेकराच्या पोटाकडे बघत होती.

तर बिदाईच्या त्या दुपारनंतर वॉर्डात गाण्याची एक रीतच पडून गेली. पलीकडच्या खाटेवरची ती बाई, मडावीबाई, एटापल्लीकडच्या जंगलातली. तिचा मुलगा शेजारच्या पेटीत. तिला मराठी जेमतेम, मला गोंडी शून्य. तिच्याकडे रेलाची गाणी होती, हातात हात गुंफून रांगेनं नाचायची. म्हणजे तिचीही अडचण माझीच! तिनं पहिल्यांदा गायला घेतलं तेव्हा तिचा पाय फरशीवर थप्‌थप् पडायला लागला आणि सिस्टरनी नुसती भुवई वर केली. मी खुणेनं तिला पोट दाखवलं, हात सावकाश वरखाली करून दाखवला. तिनं 'रेला' हा शब्दच एवढा लांबवला की एका शब्दात मुलाचे दोन श्वास होऊन जायचे. दुपारी ती गायची, मी गुणगुणायचो, रुखसाना हळूहळू माझ्या धुनेत शब्द घालायला लागली. काय शब्द? काही नाही. "दूध पी बाई, श्वास घे बाई, घरी चाल बाई, कूलर लावू बाई." मी म्हटलं, शायरीचा मुडदा पाडला तू. ती म्हणाली, "तुमच्या बँडात कोणता शायर बसला होता?" ती चिडवायला लागली म्हणजे ती परत आली, हे मला कळलं. मी बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरलं.

सगळं सरळ गेलं नाही. मधे एकदा पोरगी माझ्याच छातीवर असताना श्वास विसरली. मी गुणगुणत होतो, डोळे पोटावर होते, आणि पोट हललं नाही. सूर माझ्या नाकातच अडकला. सिस्टरनी टिचकी मारली, एकदा, पुन्हा एकदा, आणि मग ते पोट वर आलं. मला वाटलं, आता ही बाई मला पोरीच्या जवळ येऊ देणार नाही. तर त्या म्हणाल्या, "थांबले काऊन? तुम्ही थांबले तं तिले वाटन काही झालं." मी पुन्हा धरलं. त्यानंतर विसरणं कमी कमी होत गेलं. मडावीबाईचा मुलगा आधी सुटला. जाताना तिनं माझ्या पोरीच्या पेटीवरून हात फिरवला आणि काहीतरी गोंडीत म्हणाली, जे मला न कळूनही कळलं. आणि एका सकाळी रुखसानानं मला दारातूनच हाक मारली, वॉर्डात ओरडायची बंदी विसरून. पोरगी दूध ओढत होती. ओढायची, थांबायची, श्वास घ्यायची, पुन्हा ओढायची. एखादा कसलेला क्लारनेटवाला जसा ओळीच्या मधे दम घेतो, तशी. मॅडमनी आणखी काही दिवस पाहिलं, वजन पाहिलं, आणि म्हणाल्या, "न्या आता."

त्याच शेजाऱ्याच्या जीपनं निघालो. अम्मी पुढे, रुखसाना मागे, पोरगी तिच्या छातीवर ओढणीत. ऊन उतरल्यावर निघालो तरी रस्ता भट्टीसारखा होता. मी गाडी चालवणाऱ्या शेजाऱ्याला प्रत्येक खड्ड्याआधी "हळू, हळू" म्हणत होतो, शेवटी तो वैतागला, "भाऊ, गाडी उचलून डोक्यावर घेऊ का?" घुग्घुसमध्ये शिरलो आणि समोर वरात. रस्ता गच्च. घोडा, पेट्रोमॅक्सच्या बत्त्या, नाचणारी पोरं, आणि बँड आमचाच. बब्बू सगळ्यांच्या पुढे, ढोल गळ्यात, हात हवेत. एवढ्या कमी आवाजात राहायची सवय झालेली ती पोरगी, आणि समोर बब्बूचा ढोल! मी दोन्ही हातांनी ओढणीवरून तिचे कान झाकले. रुखसाना म्हणाली, "गाडी मागं घ्या, मागं घ्या," पण मागे कोळशाचे ट्रक येऊन लागले होते.

बब्बूनं जीप ओळखली. त्यानं काठी उंच धरली, आणि आख्खा बँड थांबला. ओळीच्या मधे. ट्रम्पेटवाल्यांनी तोंडाशी असलेलं खाली घेतलं, झांज धरल्या जागी राहिली.

बँडवाला भर रस्त्यात मधेच थांबत नाही. तो एकाच कारणानं थांबतो, समोरून कुणाची अंत्ययात्रा आली तर. त्यामुळे वरात गोंधळली. नाचणारी पोरं जिथल्या तिथे उभी राहिली, म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या, सगळे माना वळवून रस्त्यावर शोधायला लागले. रुखसानाचा चेहरा पांढरा पडला. "अजी, काऊन थांबले हे? जनाजा येऊन राह्यला का कोणाचा?" मीही मागे वळून पाहिलं. ट्रकांशिवाय काही नव्हतं. नवरदेवाचा काका बब्बूवर खेकसला, "अरे वाजवा ना! काय झालं?" आणि बब्बू, ज्याला जन्मात हळू बोलता आलं नाही, तो घोगऱ्या कुजबुजीत म्हणाला, "सलीमची पोरगी घरी चालली. ते जाईपर्यंत नाई वाजत."

लोक बाजूला झाले. त्या तेवढ्याशा वाटेतून जीप निघाली, दोन्ही बाजूंना लाल कोटातली माझी माणसं, वाद्यं छातीशी धरून उभी. घोड्याच्या नालांचा आवाज तेवढा येत होता. आणि पोरगी जागी झाली. आजवर तिचं रडणं म्हणजे मांजराच्या पिल्लाचं कुईकुई, कान लावला तर ऐकू येणारं. तिनं ओढणीत हात मारले, तोंड उघडलं, आणि रस्त्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल असं रडली. घोडा बिचकला. एका अनोळखी म्हातारीनं जीपशी येऊन कानशिलांवर बोटं मोडली. बब्बू मोठ्यानं हसला, मग सगळाच बँड.

रुखसाना घाईघाईनं तिला थोपटायला लागली. "श्शू, श्शू. गप करू का हिले? लोक पाहून राह्यले."

"नको," मी म्हटलं. "रडू दे. मोठ्यानं रडू दे."